संस्कृतीच्या कॉलेजची निःपक्षपाती निवड

१७ जून, सकाळ
संस्कृतीचा सीईटीचा निकाल लागला. ९१.६ पर्सेंटाइल. नातीच्या यशावर चार ओळी करायला बसलो, पण ‘पर्सेंटाइल’ हा शब्द भुजंगप्रयातात काही केल्या बसेना. सोडून दिलं.

अमृत, म्हणजे आमचे चिरंजीव, म्हणाला, कॉम्प्युटरला घालायचं ठरलंय, आता पुण्यातली कॉलेजं बघू. तो चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट शिफ्ट संपायच्या आत झालेली हवी असते. मी म्हटलं, घाई नको. महाराष्ट्रातल्या सगळ्या नामवंत कॉलेजांची मी शास्त्रशुद्ध तुलना करतो, मग ठरवू. तो म्हणाला, आबा, ते सगळं मोबाईलवर असतंय की. मी नुसता हसलो. मोबाईलवर कॉलेजच्या झाडाची सावली पडते का?

संकल्प: महिनाभरात तुलना पूर्ण. पूर्णपणे निःपक्षपाती.

१७ जून, संध्याकाळ
गच्चीत बसून सहावीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हटली. मंगळवेढ्याच्या शाळेत मास्तर टेबलावर छडीने ताल धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात म्हणायचो. संस्कृती शेजारी बसून मान डोलवत होती. कानात ती पांढरी बोंडं होती, पण मान कवितेच्याच लयीत होती. मधे मी एक कडवं विसरून थांबलो, तरी तिची मान डोलतच होती. म्हणजे कविता तिच्यात किती मुरली आहे! ही पोरगी हॉस्टेलात कशी राहील? तिथे हिला संध्याकाळी कविता कोण म्हणून दाखवणार?

(ही नोंद तुलनेत धरायची नाही.)

१९ जून
निकष ठरले. एकूण गुण शंभर. घरापासूनच्या अंतराला चाळीस. अंतर कमी तितके गुण जास्त. जेवणाला तीस. झाडांना वीस. शिक्षकांना आठ. उरलेले दोन नोकरीला, तेही संस्कृतीने हट्ट धरला म्हणून.

तिने तक्ता बघितला आणि म्हणाली, आबा, यात कुठलंही शहर घातलं तरी सोलापूरच येणार की. पोरगी हुशार. मला निष्कर्षाला पोचायला महिना लागणार होता, ती एका नजरेत पोचली.

२५ जून
काल पुण्याची तपासणी केली. पहाटे निघालो तेव्हा वच्छला म्हणाली, अहो, कुटं निघालाव एवढ्या सकाळी? गुडघा धड चालंना आणि हे निघाले कॉलेजला. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. थेट प्राचार्यांना भेटायचं आणि त्यांना चार खडे प्रश्न विचारायचे असं ठरवून ठेवलं होतं.

गेटवर वॉचमनने अडवलं. पास नाही तर आत नाही म्हणाला. मी म्हटलं, सोलापूरहून आलोय. तो म्हणाला, आमी बी तिकडचेच की ओ, मंगळवेढ्याचे. मग काय! ज्वारी निघाली, काळी जमीन निघाली, शाळेची कौलं निघाली. त्याला आठवीतली एक कविता अर्धी येत होती, उरलेली मी पुरी केली. दुपारी दोघांनी भाकरी खाल्ली. मग परतीच्या गाडीची वेळ झाली.

प्राचार्य राहिले. कॉलेजही आतून राहिलं. पण गेटातून पुरेसं दिसलं. हिरवळीवर पाच-सहा मुली बसून मोठमोठ्याने हसत होत्या. तासाभराने बघितलं तरी हसतच होत्या. अभ्यासाचं वातावरण नाही. पुण्याला एकतीस गुण. पैकी दहा वॉचमनचे.

संस्कृतीने विचारलं, कसं होतं? मी मुलींचं सांगितलं. ती म्हणाली, किती मस्त ना, आबा. बहुतेक तिला माझं बोलणं नीट कळलं नाही.

३० जून
मुंबईची तपासणी फोनवर. दुधनीचा निंगप्पा माझा जुना मित्र, त्याचा भाचा तिथे राहतो. निंगप्पा स्वतः मुंबईला एकदाच गेला होता, पण माणूस अनुभवी. ब्याड, ब्याड म्हणाला, म्हणजे कानडीत नकोच. का, ते सांगितलं नाही. आमच्या दोघांत कारणं लागत नाहीत. मुंबईला सोळा.

नागपूरला अंतराचे शून्य. बाकीचे साठपैकी साठ दिले तरी ते सोलापूरला गाठू शकत नाही, म्हणून तपासणी रद्द. सांगलीतलं कॉलेज फार नावाजलेलं आहे असं ऐकून होतो. तिथल्या झाडांची माहिती मिळाली नाही. माहिती नाही तर गुण नाहीत. नियम म्हणजे नियम.

४ जुलै
आज आपल्या सोलापूरच्या कॉलेजची तपासणी. शहराबाहेर आहे, दोन बस बदलाव्या लागतात. इथे गेटवर कुणी अडवलंच नाही. केवढा मोकळेपणा! कुणी नव्हतंही. सुट्टी असावी.

माळावर इमारत. झाड एकच, कडुलिंबाचं, आणि तेही कुंपणापलीकडे. झाडांना वीसपैकी एकोणीस दिले. झाडं फार असली की मुलांचं लक्ष उडतं. कँटीनमध्ये थंड भजी मिळाली. थंड भजी पित्ताला बरी. वऱ्हांड्यात एक कुत्रं इतकं शांत झोपलं होतं की इथला अभ्यास किती एकाग्रतेने होत असेल याची कल्पना आली.

पाण्याचाही विचार केला. पुण्यात म्हणे नळाला रोज पाणी येतं. आपल्याकडे चार दिवसांआड येतं, त्यामुळे संयम येतो. एकूण एक्क्याण्णव. नऊ गुण मुद्दाम कापले, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा आपल्या गावाची बाजू घेतो.

९ जुलै
जेवणानंतर घरच्यांपुढे तुलना मांडली. सोलापूरचा भाग पद्यात होता:

नको दूरचे गाव, खोटी भरारी,
घरी आजि-आबा, घरी गोड भाकरी

दुसऱ्या ओळीत एक मात्रा इकडेतिकडे होते, पण भावना चोख. सूनबाई लसूण सोलत होती. अमृत तिसऱ्या कडव्याला घोरायला लागला, दमतो बिचारा. संस्कृती शेवटपर्यंत जागी होती. मग म्हणाली, आबा, यात कॉम्प्युटर ब्रँच कुठंय?

ब्रँच! ब्रँच बघायची राहिली. सोलापूरच्या त्या कॉलेजला ती आहे की नाही, हेही विचारलं नव्हतं. तिनेच मोबाईलवर बघून सांगितलं की आहे. मी म्हटलं, बघ, सांगितलं नव्हतं? वच्छला म्हणाली, काय सांगितलं तुमी? महिनाभर झाडं मोजली.

दोन दिवसांत ब्रँचसह नवा तक्ता करायचा.

११ जुलै
नोंद नाही. पाणी आलं होतं.

२५ जुलै
तक्ता अजून झाला नाही. गुडघा. शिवाय शेजारच्या सिद्धारामने दोन तास खाल्ले. कॉलेजांची नावं ऑनलाइन कशी भरायची, पसंतीक्रम म्हणजे काय, असलं काहीबाही सांगत होता. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्याला ऐकणारं माणूस लागतं. अशा माणसांची कीव येते.

२६ जुलै
संस्कृती आणि तिची मैत्रीण पिंकी मोबाईल घेऊन पसंतीची नावं भरत होत्या. पहिली दहा नावं पुण्याची. सोलापूर अकरावं.

मी शांतपणे समजावलं. लग्नपत्रिकेत सगळ्यात वर कुलदैवताचं नाव घालतो की नाही? ते काही लग्नाला येऊन जेवत नाही, पण मान त्याचा. तसं पहिलं नाव सोलापूरचं टाक, नुसतं मानाचं, आणि खाली तुझं पुणं घाल. पिंकी हसायला लागली. अमृत मात्र हसला नाही. म्हणाला, आबा, पहिलं नाव लागलं की ते घ्यावंच लागतंय, मग पुढच्या फेऱ्या बंद. तुमाला ठाव न्हवतं?

नव्हतं. म्हणजे सिद्धाराम काल तसलंच काहीतरी म्हणाला होता, पण नेमकी तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

संस्कृतीने मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, आबा, मला जायचंय हो. इतकंच. ‘पुण्याला’ असंही म्हणाली नाही. वाक्य अर्धवट सोडायची सवय लागलीय मुलांना.

२८ जुलै
सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन आलो. देवाकडे काही मागितलं नाही. नातीच्या वाटेत येणारा आजोबा मी नव्हे. फक्त सगळी परिस्थिती समजावून सांगितली आणि तक्ता दाखवला.

१ ऑगस्ट
पहिली फेरी. काहीच लागलं नाही. संस्कृती जेवली नाही. मी तिला धीर दिला, म्हटलं, पुण्याचं एवढं काय, गर्दी नुसती. ती आत गेली आणि दार लावलं. दाराबाहेर बसून नदीची कविता म्हटली, तिला बरं वाटावं म्हणून. आतून आवाज आला नाही. ऐकत असावी.

२१ ऑगस्ट
शेवटची फेरी. पुण्याची दहाही नावं गेली. सोलापूर लागलं! कॉम्प्युटर ब्रँच!

लगेच पेढे आणले. पहिला पेढा संस्कृतीच्या तोंडाजवळ नेला तर तिचे डोळे भरून आले. आनंदाश्रू. तोंड उघडलं नाही, आनंदात घशाखाली उतरत नाही असं होतं. सूनबाई तिला जवळ घेऊन आत गेली. बराच वेळ त्या आनंदाचा आवाज येत होता.

वच्छला मला म्हणाली, तो पुडा ठेवा तिकडं, आन गप बसा जरा.

सिद्धारामच्या घरी मात्र पेढे आवडले.

२२ ऑगस्ट
आता चार वर्षांचा कार्यक्रम आखला. रोज संध्याकाळी एक कविता. पहिल्या वर्षी पाठ्यपुस्तकं पाचवी ते सातवी, दुसऱ्या वर्षी आठवी ते दहावी. तिसऱ्या वर्षापासून माझ्या स्वतःच्या. चौथ्या वर्षी तिच्या, तोवर ती करायला लागेल.

२९ ऑगस्ट
अमृतने वऱ्हांड्यात बोलावलं. म्हणाला, संस्कृती कॉलेजजवळ रूम घेऊन राहणार आहे, पिंकीबरोबर. पिंकीलाही तेच कॉलेज लागलं. मी म्हटलं, आपलं घर काय पडलंय? गावातच तर कॉलेज आहे. तो म्हणाला, दोन बसा जायला, दोन यायला, रोज तीन तास जातील. आणि मग खाली बघत म्हणाला, घरात तिचा अभ्यास होत न्हाई, आबा. संध्याकाळी तर न्हाईच.

मला लगेच कारण कळलं. सिद्धारामचा टीव्ही. संध्याकाळी केवढा लावतो! तडक जाऊन त्याला सांगितलं, बाबा रे, तुझ्या टीव्हीपायी माझी नात घर सोडून निघालीय. तो म्हणाला, महिपतराव, टीव्ही पाडव्यापासून बंद पडलाय. दुरुस्तीला माणूसच येईना.

मग कुणाचा तरी दुसऱ्याचा असेल. गल्लीत चौकशी करायची.

३१ ऑगस्ट
संस्कृती गेली. एक गादी, दोन बॅगा, एक बादली. रिक्षात मावलं सगळं. निघताना पाया पडली आणि हसली. सोलापूर लागल्यापासून पहिल्यांदा हसली. तेही गेटाबाहेर पडल्यावर.

चौकशीत कुणाच्याच घरी मोठ्या आवाजाचा टीव्ही निघाला नाही.

७ सप्टेंबर
रविवार. दर रविवारी येईन म्हणाली होती. वच्छलाने पुरणपोळी केली. दुपारी फोन आला, सबमिशन आहे. सबमिशन म्हणजे काय ते अमृतला विचारलं. तो म्हणाला, वह्या पुऱ्या करायच्या असतात.

पोळ्या सोमवारीही चांगल्या लागतात.

१४ सप्टेंबर
ठरवलं, तिला येता येत नाही तर आपण जावं. दोन बसा बदलून गेलो. तिच्यासाठी चार ओळी केल्या होत्या, या वेळी एकही मात्रा चुकू दिली नव्हती.

घरमालकीण राजाबाई. दारातच म्हणाली, पुरुष माणसाला वर सोडत न्हाई, नियम हाय. मी म्हटलं, अहो, मी आजोबा. ती म्हणाली, आजोबा बी पुरुषच की. तिने वर हाक मारली. मी फाटकाशी उभा राहिलो.

संस्कृती खाली आली. केस विंचरायचे राहिले होते, बोटांना शाई. बारीक झालीय, पण चेहरा बरा दिसतो. म्हणाली, आबा, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात, पाय दुखतील ना. मी म्हटलं, सहज. मग चार ओळींतल्या दोन म्हटल्या. राजाबाई आतून ओरडली, ओ आजोबा, हळू जरा, पोरी अभ्यास करत्यात. उरलेल्या दोन राहू दिल्या. संस्कृती म्हणाली, छान आहे. खरंच छान आहे, आबा. आणि वर बघितलं. वरून पिंकी हाक मारत होती.

मी विचारलं, घरी कधी येतेस? थोडा विचार करून म्हणाली, दिवाळीला नक्की.

घरी आलो तर वच्छलाने विचारलं, काय म्हणाली पोरगी? मी म्हटलं, दिवाळीला येते म्हणाली. वच्छला भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, पुण्याला गेली असती तरी दिवाळीलाच आली असती की ओ. तेवढं मनासारखं तरी झालं असतं तिच्या.

आज काही ठरवलं नाही.