आधी वल्ह्याचं बोला

४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी स्कोअर सांग, मग शहाणपण. मी शाळेची मॅच हरून घरी आले होते आणि पंच कसा समोरच्या शाळेच्या सरांचा मेहुणा आहे हे दारातच सांगत सुटले होते, तेव्हा तुम्ही बुटाची नाडी सोडता सोडता मला हे म्हणाला होतात. तेव्हा तुमचा फार राग आला होता. या आठवड्यात मात्र तेच वाक्य मी ऑफिसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

आमचा व्हिडिओ गेम बाहेर आला. तुम्हाला सांगितलं होतं तोच, नावाडी बाईचा. संध्याकाळची वेळ, नदी, काठावर गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांची रांग. खेळणाऱ्याने वल्हं मारत त्यांना पलीकडे न्यायचं. चित्रकार, आवाज करणारा आणि मी, आम्ही तिघांनी तीन वर्षं त्या एका वल्ह्यावर घालवली. पाणी डोळ्यांना दिसून भागणार नव्हतं, ते हाताला लागायला हवं होतं.

मग परीक्षणं आली. एका मोठ्या साइटवरच्या समीक्षकाला ती रांग म्हणजे सरकारला मारलेली चपराक वाटली. दुसऱ्याचं म्हणणं, रांगेतली माणसं तक्रार करत नाहीत, म्हणजे आम्ही सरकारची तळी उचलतोय. तिसऱ्याने उतारूंच्या शालींच्या रंगांवरून आमचं मत कुणाला हे शोधून काढलं. वल्ह्याबद्दल एक ओळ नाही. गेम सोपा की अवघड, हातात धरवतो की नाही, काही नाही. तिघांपैकी एकाने तरी नदी ओलांडली असेल का, याचीच मला शंका आहे.

एवढंच असतं तर चहाबरोबर गिळून टाकलं असतं. पण गेम दुकानांत पोचवणारा आमचा वितरक घाबरलाय. महिनाअखेरपर्यंत एकतर रांग काढून टाका किंवा आपण कुणाच्या बाजूचे ते जाहीर करा, नाहीतर मी गेम परत घेतो, असं त्याने स्वच्छ सांगितलं. रांग काढली तर होडी चालणारच नाही. का, ते त्याला समजावलं, तर म्हणाला हे फारच तांत्रिक झालं, हे विचारतंय कोण. तुम्हाला मात्र मुद्दाम सांगत नाही. सांगून कळणार असेल तर आमचे कष्ट वाया गेले म्हणायचे.

दोन्ही गोष्टींना मी नाही म्हटलंय. चित्रकार आणि आवाज करणारा नुसते माझ्या तोंडाकडे बघतात. ते जास्त कठीण जातं.

आईच्या गुडघ्याचं कळवा. तुमचा लोभ तरी स्कोअर न विचारता असू द्या.

तुमची
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवलं आणि चपराकीच्या ठिकाणी उगाचच माझ्याकडे बघितलं.

तुझी बाजू घ्यायला मी कंबर कसून बसलोय असं समजू नकोस. त्या समीक्षकांचा धंदा तोच माझा, क्रीडा वार्ताहराचा, धंदा. खेळात राजकारण आणू नका असं मला सांगणारी माणसं बहुतेक वेळा कुठल्यातरी मंडळाचे अध्यक्ष असायची. संघ कोण निवडतो, मैदानाला कुंपण कुणाला अडवायला घातलंय, हे मीही लिहिलं आणि त्यापायी एका मंत्र्याच्या चहापानाला मुकलो. पण ते सगळं तिसऱ्या परिच्छेदात यायचं. पहिल्यात कोण जिंकलं, दुसऱ्यात कसं जिंकलं. ज्याने गोल पाहिलाच नाही त्याने गोलामागचं कारस्थान सांगायला बसू नये.

आता दुसरी गोष्ट. तू बनवतेस तो खेळ आहे की नुसती हलती चित्रं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोललो नाही. पण न बघता बोलायला लागलो तर त्या तिघांत आणि माझ्यात फरक काय राहिला? तेव्हा ते यंत्र पाठवून दे. वायरींना चिठ्ठ्या चिकटव, कुठली कुठे खुपसायची त्याच्या.

रांगेला हात लावू नकोस. आणि बाजू जाहीर करायचीच वेळ आली तर त्या वितरकाला सांग, आम्ही ना या काठाचे ना त्या काठाचे, आम्ही मधल्या पाण्याचे.

आईचा गुडघा ठीक आहे, तक्रारीला जोर आहे त्याअर्थी. आमचे आशीर्वाद नेहमीच्या जागी, तुझ्या पाठीशी.

तुझा
बाबा


२३ जानेवारी

लाडक्या भिंगरीस,
तुझ्या आईचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तुझं यंत्र घरी आलं आणि माझा टीव्ही गेला. बाहेरच्या खोलीचं यांनी प्रेस बॉक्स करून टाकलंय. खिडकीला पाठ करून खुर्ची, बाजूला थर्मास, मांडीवर लिहायचं पॅड, आणि दोन चष्मे, एक लांबचा नि एक जवळचा, दोन्ही सतत हरवलेले.

खेळ मध्येच थांबवता येतो, जिथे सोडला तिथून पुढे सुरू करता येतो, हे यांना ठाऊकच नाही. तू चिठ्ठीवर लिहिलं होतंस, पण ती चिठ्ठी मी वाचली, यांनी नाही. सामना संपेपर्यंत उठायचं नाही ही यांची आयुष्यभराची शिस्त. जेवायला हाक मारली तर म्हणतात, होडीत माणसं आहेत. परवा बाहेर जायचं होतं तर यंत्र तसंच चालू ठेवून त्यावर माझी चांगली चादर पांघरली, कुणाचा हात लागू नये म्हणून. मीही काही सांगितलं नाही. निवृत्त झाल्यापासून टीव्हीवर मॅच लागली की हे पेपर उघडून त्याच्या मागे बसायचे, ते तुला मी कधी कळवलं नव्हतं. आता मांडीवर पॅड घेऊन बसलेले दिसले की मी स्वयंपाकघरातून उगाचच दोन फेऱ्या मारते.

उलटतात मात्र सारखे. उजवं मनगट मोडलं होतं ना मागे, तो हात अजून कच्चाच आहे. पण काल त्या कच्च्या हातानेच यांना काहीतरी कळलं. रांगेतला एकेक माणूस चढतो तशी होडी थोडी दबते आणि हातातलं ते वल्हं थोडं जड होतं. हे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मला बोलावून म्हणाले, अगं, ही रांग नाही, हा हाताचा सराव आहे, सगळी एकदम चढली असती तर भार कळलाच नसता. मग परत वल्हं मारायला बसले. मी परत आत गेले तेव्हा मागून म्हणाले, पोरीने खेळ बनवलाय.

तेवढंच. तुला सांगायला सांगितलं नाही, म्हणून सांगतेय. हे फिरायला गेले की मीही जरा वल्हं मारून बघते. बोलू नकोस.

वेळेवर जेव. माया आहे ती कुठे जाते.

आई


२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घाईत लिहितो. आमच्या पेपरच्या क्रीडापानावर उद्या माझा सामन्याचा वृत्तांत येतोय. पान सांभाळणारा माझा जुना सहकारी. त्याला मी पहिल्यांदाच सांगितलं की गेम बनवणारी माझी मुलगी आहे. तेच वृत्तांताचं पहिलं वाक्य आहे. मुलीची स्तुती बापाने करू नये, म्हणून अट घातली की मजकुरात एकही गुणविशेषण सापडलं तर कागद टोपलीत टाक. त्याने भिंग लावून शोधलं. 'गार वारा' सापडला. टोपलीत न टाकता नुसता 'गार' काढला. वारा राहिला.

बाकी मजकूर असा चालतो. पहिली फेरी, होडी उलटली. दुसरी फेरी, उलटली. तिसरी फेरी, होडी काठाला लागली, गाठोडं पाण्यात. उतारू चढतो तसा वल्ह्याचा भार वाढतो. तो भार हाताला कळला तर नदी ओलांडता येते, नाही कळला तर येत नाही. सातव्या फेरीला भोवरा आहे. आमचा प्रतिनिधी हे लिहीपर्यंत भोवऱ्यात होता. शेवटी एवढंच की रांगेतल्या माणसांबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, पण नदी ओलांडून वाटो.

वितरकाला दोन दिवस फोन करू नकोस. त्याला पेपर वाचू दे.

तुझा, अजून ओल्या कपड्यांतला,
बाबा


१६ फेब्रुवारी

ती. बाबांस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

स्कोअर आधी सांगते. आपण जिंकलो.

रांग जागेवर आहे. कुणाची बाजू जाहीर करावी लागली नाही. वितरकाचा फोन आला, आधी खोकला, मग म्हणाला की दुकानांतला माल संपला, आणखी पाठवा. रांगेचं काय, असं मीच विचारलं. तर म्हणे, कुठली रांग, लोक भोवऱ्याबद्दल विचारतायत. चित्रकार टेबलावर चढून बसला आणि उतरायलाच तयार नव्हता. आवाज करणाऱ्याने होडी उलटल्याचा 'डुबुक' ऑफिसच्या दाराच्या बेलला लावलाय.

तुमच्या क्रीडापानावर लोक आपापले स्कोअर पाठवतायत ते तुम्ही बघताच. मला त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आवडल्या, पेशंट खुर्चीत असताना आपण वल्हं मारतो असं ज्यांनी बिनदिक्कत कळवलं. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणारे दोन शेजारी एकाच होडीत उलटले, तेही पत्र मी जपून ठेवलंय.

आणि ऐका, चपराकवाल्या समीक्षकाने दुसऱ्यांदा लिहिलं. पहिल्या वेळी आपण काठावरूनच परत फिरलो होतो, असं त्याने कबूल केलं. पहिल्या परिच्छेदात वल्हं, दुसऱ्यात भोवरा, तिसऱ्यात पुन्हा त्याचं राजकारण. तो तिसरा परिच्छेद मी या वेळी नीट वाचला. त्यातलं थोडं खरं आहे बाबा. रांग रचताना माझ्या डोळ्यांसमोर कुठल्यातरी खऱ्या रांगा असणारच. नदी ओलांडून आलेल्या माणसाकडून ते ऐकून घ्यायला मला काही वाटलं नाही. तळीवाला मात्र ढिम्म आहे. पण तो कशावरही लिहो, खाली वाचक विचारतात, साहेब, कितव्या फेरीला आहात?

फळ्यावरचं वाक्य मी पुसलं नाही. त्याखाली आईच्या पत्रातले तीन शब्द लिहिलेत. कोणते ते तुम्हाला विचारायची सोय नाही, कारण ते तुम्ही मला सांगितलेलेच नाहीत.

गेम मध्ये थांबवता येतो, बाबा. डावीकडचं छोटं बटण. चादर आईला परत करा.

लोभ वाढतोय, तो आवरू नका.

तुमची
भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईने तीनदा वाचलं, मी एकदा, पण सावकाश. ते तीन शब्द मी म्हणालोच नव्हतो असं सांगणार होतो, पण समोर साक्षीदार बसली होती आणि हसत होती. तेव्हा इथेच लिहून टाकतो, आता कागदावर असू दे. पोरीने खेळ बनवलाय.

छोट्या बटणाचं कळलं. ते वापरणार नाही. सामना थांबवून जेवायला जाणारा वार्ताहर मी पाहिलेला नाही आणि या वयात व्हायची इच्छा नाही. चादर परत केली आहे, त्याजागी माझी शाल आहे.

घरात मात्र माझी इभ्रत गेली. काल फिरून लवकर आलो तर तुझी आई भोवऱ्यातून सरळ बाहेर पडताना सापडली. होडी काठाला लावली, माणसं उतरवली, आणि जणू भांडी घासून झाली अशा चेहऱ्याने पदराला हात पुसले. कसं केलंस विचारलं तर म्हणते, आधी स्कोअर सांगितला ना, आता शहाणपण माझं मी ठेवते. चहासुद्धा विजेत्याच्या थाटात पितेय.

लोभ आहेच, उलटला तरी बुडायचा नाही.

तुझा
बाबा

ता. क. एक विनंती आहे. पुढच्या दुरुस्तीत तो सातव्या फेरीचा भोवरा थोडा सैल कर. फार नाही, माझ्या मनगटापुरता. वितरकाला जे उत्तर दिलंस तेच मला देशील हे ठाऊक आहे, आणि नाही दिलंस तर मला वाईट वाटेल. तरी विचारून ठेवतो.