आठव्या घराची पाळी

बाबा, या आठवड्यात आपल्या गल्लीतला मारुती दुपारपर्यंत उपाशी राहिला. चूक माझी होती, म्हणून तुम्हालाच लिहितो.

मी नऊ वर्षांचा असेन. आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही परातीतल्या पिठात बोटाने भागाकार करता आहात. पाडव्यापासूनचे दिवस मोजायचे, आठाने भागायचं, जेवढे उरतील त्या नंबरच्या घराचा नैवेद्य. या हिंदी मुलखात आपल्या गल्लीत मराठी घरं आठच, आपण सगळ्यांत शेवटी आलेलो म्हणून आपला नंबर आठवा. मी विचारलं, "शून्य उरलं. म्हणजे आज कोणीच नाही?" तुम्ही पिठाच्या बोटाने माझ्या कपाळावर टिचकी मारलीत. "कोणीच नाही कसं? शून्य म्हणजे आपण! ढ कुठला." आई म्हणाली, "आधी माझं पीठ सोडा."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. पाळ्या समोरच्या काकू तोंडी सांभाळायच्या, आता त्यांना आठवत नाही. मी अकरावीत शाळा सोडली हे तुम्हाला आवडलं नसतं, पण देवास गेट चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मोबाइलवर बघत बघत प्रोग्राम लिहायला शिकलो. त्यात टक्क्याचं चिन्ह असतं. ते टक्के काढत नाही, भागून उरलेली संख्या तेवढी देतं. तुमचं पिठातलं गणित मी एका ओळीत बसवलं. पाडव्यापासून रोज सकाळी ज्याची पाळी त्याच्या फोनवर मेसेज. प्रत्येक घराचं नाव तीनदा तपासलं, एक वेलांटी चुकू दिली नाही. सात दिवस सुरळीत गेले. आठव्या दिवशी उत्तर आलं शून्य, आणि शून्य नंबरचं घर माझ्या यादीत नव्हतं.

दुपारी काकूंनी हटकलं, "क्यों भैया, आज बजरंगबलीचा उपास आहे का?" मी धावत घरी आलो. ओट्यावर पुरणाचं ताट झाकून ठेवलेलं. आई फोन मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "सकाळीच केलं रे. पण मेसेज नाही आला. म्हटलं, हे गेले, आता गल्लीने नव्या यादीत आपलं घर धरलं नसेल."

ताट मीच देवळात नेलं. मग प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: शून्य उरलं तर आठवं घर. येत्या आठ वर्षांच्या तारखा वहीत हाताने भागून ताडून पाहिल्या.

आईला मात्र सांगितलं की नेटवर्क गेलं होतं. तुमची टिचकी विसरलो होतो, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.