मिठाची ओळ

कोल्हापूर, माघ वद्य पंचमी

आज शाळेत हसू आवरले नाही, म्हणून लिहिते. माझी विद्यार्थिनी गंगू, तिची सासू सुनेची कवितांची वही घेऊन आली. "बाई, अंगाचं, घरातलं समदं लिवलंय म्हनती शेजारीन. जाळा." तिला स्वतःला वाचता येत नाही. मीच मोठ्याने वाचले. दुधाने भिजलेली चोळी. त्याआधी आठवा महिना, सुजलेले पाय, आणि ते गरम पाण्यात घेऊन चोळणारी सासू. कॉलेजात शिकूनही असे लिहायची माझी छाती झाली होती का? नाही.

सासूने वहीत डोकावून पाहिले. मग म्हणाली, "पान्यात मीठ बी घातलं हुतं की. त्ये न्हाई लिवलं?"

मीठ राहिले, एवढीच तक्रार.

न जाळण्याचे कबूल करवून घेऊन वही तिच्याच हाती दिली. सोबत गंगूसाठी एक पेन्सिल, मिठाची ओळ घालायला.