कुठेही चालेल

दि. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून झालं ते क्रमाने लिहिते.

१. आजारपणात बाबांची वाचा गेली. उजवा अंगठा तेवढा हलतो.
२. मी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर अक्षरं सरकतात, हवं ते आलं की बाबा बटण दाबतात आणि वाक्य पूर्ण झालं की संगणक ते बोलतो.
३. बाबांना तुझ्याकडे नेताना तू विचारलंस, नव्या संगणकावर हे चालेल ना? मी म्हटलं, कुठेही चालेल.
४. त्या भरवशावर तू जुना संगणक भंगारात दिलास.
५. नव्यावर चालत नाही. बाबा गप्प आहेत.

पडद्यावर नेमकं काय दिसतं ते कळव. वहिनीला नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. ७ मार्च

चि. मास्तरणीस अनेक आशीर्वाद.

पत्र आहे की पंचनामा? असो. अक्षरं झकास सरकतात, पण बटणाला दाद देत नाहीत. दुकानदाराने बटण जोडायला वेगळी वायर दिली, तीही फुकट गेली. बाबा अंगठा दाबत राहतात, अक्षर पुढे निघून जातं, मग ते डोळे मिटून घेतात. तुझी वहिनी पाटीवर अक्षरं दाखवते, तिकडे बघतही नाहीत.

तुझ्याकडे दिवसभर बोलायचे, माझ्या पोटाची टिंगल करायचे. मी त्यांना तिथून उचलून आणलं म्हणून रुसलेत का गं? माझंच चुकलं असेल तर स्पष्ट सांग. आणि वेळेवर जेवत जा. माया आहेच.

तुझा,
दादा

दि. १० मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं काही चुकलेलं नाही. बाबा रुसलेले नाहीत.

प्रोग्राम उचलून दुसरीकडे ठेवता येणं वेगळं आणि तो तिथे चालणं वेगळं. कुठेही चालायचं तर आजूबाजूला काय असेल, हे त्याने गृहीत धरायचं नसतं. बटण दाबलं का, हे त्या त्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचं असतं. माझा विचारत नव्हता. जुन्या संगणकाला प्रिंटर जोडायची जी खोबण होती, तिलाच मी बटण जोडलं होतं आणि तिच्यात तो थेट डोकावायचा. नव्याला ती खोबणच नाही.

तू विचारलंस तेव्हा मला हे माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, ही बाबांना ठेवून घ्यायला सबब शोधते. तू निघण्याआधी बदलून टाकू, असं ठरवलं. बदललं नाही. वेळ होता. तिकडे जमलं नाही तर तू त्यांना परत आणशील, असं मनात होतं. त्यासाठी मी बाबांचं बोलणं वेठीला धरलं, आणि तू स्वतःला दोष देत बसलास.

आता सगळं नव्याने लिहिलंय. ऑफिसातल्या, मैत्रिणीच्या संगणकावर आणि वाचनालयातल्या जुन्या खटाऱ्यावरही चालवून पाहिलं. चालतं. पण बाबांच्या अंगठ्याच्या वेगाशी जुळवायला मला समोर बसावं लागेल.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. काहीही गाळू नकोस. मग विचार, मी यावं का. होकार असला की ते पापण्या मिटतात. तुझंही मत लिही, नको असेल तर तसंच लिही. लोभ मागायला आज जीभ रेटत नाही.

१६ तारखेपर्यंत उत्तर पाठव.

धाकटी