सोलापुरेन्सिस

१ जून. सकाळी ७.
कॉलेजच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, अनोळखी रोपांचा ताटवा. पिवळी फुलं. एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवतो आहे, हे कधी पाहिलं नाही. म्हणजे नवी प्रजाती. महिनाअखेर निवृत्ती. माझ्या नावावर एकही संशोधन नाही, ही कुजबुज त्याआधी संपेल.

३ जून.
आधी नाव. लॅटिन विशेषण ठरलं: सोलापुरेन्सिस. गावाच्या नावाला '-एन्सिस' जोडायचं. अर्थ, त्या गावचा. रोमन लोकांची रीत. सोलापूर प्रथमच रोमला जोडलं जात आहे.

७ जून.
विशेषणाला नामाचं लिंग पाळावं लागतं. नपुंसकलिंगी असेल तर '-एन्से'. दिवसभर हेच. एक रोप दाबून, वाळवून ठेवायला हवं. उद्या नक्की.

१० जून.
प्रयोगशाळा झाडणाऱ्या मीनाबाई म्हणाल्या, त्यांच्या गावी, केमला, शेताच्या बांधावर ही लई उगवते, भाजी करतात. हसून सोडून दिलं. सूक्ष्म फरक दिसायला नजर लागते.

१४ जून.
माजी विद्यार्थी इंद्रजीत पुण्याच्या संस्थेत आहे. त्याला फोटो पाठवले. त्याने वाळवलेला नमुना मागितला. म्हटलं, व्याकरण झालं की पाठवतो. त्याने नुसता नमस्काराचा इमोजी पाठवला. भारावला असावा.

१८ जून.
प्राचार्यांच्या कानावर घातलं. निरोप समारंभाच्या फ्लेक्सवर 'सोलापुरेन्सिसचे जनक' छापणार म्हणाले. नको म्हणालो. स्पेलिंग मात्र लिहून दिलं.

२३ जून.
मीनाबाईंनी डब्यातून भाजी आणली. किंचित आंबूस, छान. दोनदा घेतली.

२४ जून.
नमुना घ्यायला गेलो. टाकीपाशी उकरलेली माती. मीनाबाईंना विचारलं.
"तुमच्याच कार्यक्रमाचा मांडव हाय की तितं, सर. म्हनून साफ केलं. टाकून कशाला द्यायची? तुमी दोनदा घेतली की."
नमुना गेला. विशेषण शाबूत आहे.

२९ जून.
इंद्रजीतचा मेसेज. फोटोवरून ओळख पटली. नाव फार पूर्वीच दिलेलं आहे. विशेषण: वल्गारिस. खाली लिहिलं आहे, "सर, दुसऱ्या वर्षाला ही तुम्हीच शिकवली होती."
शिकवली असेल. पुस्तकातल्या चित्रावरून.

३० जून.
फ्लेक्स बदलायला वेळ नव्हता. टाळ्या झाल्या. घरी येऊन कोश पाहिला. 'वल्गुस' म्हणजे सामान्य लोक, त्यावरून वल्गारिस. अर्थ: सर्वसाधारण, जिथे-तिथे आढळणारा.
फ्लेक्स मीनाबाईंनी मागून नेला. केमच्या गोठ्यावर घालणार आहेत. छापील बाजू खाली ठेवा, एवढंच सांगितलं.