ब्लाउज पीस नंबर २१७

१८ डिसेंबर, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. संध्याकाळी ७.४०
तिसऱ्या मजल्यावरच्या दीपमालाकडे उद्यापनाचं हळदीकुंकू. केळं, पोथी आणि ओटीत ब्लाउज पीस. घरी येऊन उलगडला. मोरपंखी, बारीक बुट्टी. काठाशी निळ्या बॉलपेनने लिहिलेलं २१७. अक्षर माझं.
वही काढली. २१७: श्रावणात शेजारच्या सुमनबाईंकडून आला, नवरात्रात दीपमालाला दिला. म्हणजे मी दिलेला पीस मलाच परत!
आलेला पीस मीही पुढे देते. पण नंबर घालून, वहीत चढवून, ज्याचा त्याला जाणार नाही अशी काळजी घेऊन. त्याला नियोजन म्हणतात. हिने केला तो अपमान. एम.ए. आहे ना. हिला वाटलं, मॅट्रिक बाई, हिला काय कळतंय.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पीस घरी आला, फायदाच झाला की. ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षं काढून माणूस एवढंच शिकला.
देवीपुढे बसून ठरवलं. सूड घ्यायचा नाही. फक्त हिचं वागणं सगळ्या बायकांसमोर उघडं पडलं पाहिजे.

२० डिसेंबर
अबोला सुरू. दीपमालाला अजून कळलेला नाही. जिन्यात भेटली, म्हणाली, मालनताई, गुडघा कसा आहे? उत्तर दिलं नाही. दुखतोय एवढंच म्हटलं.

२८ डिसेंबर, रविवार
बहिणीची चैताली आली. गंगापूर रोडच्या पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. यंदा विषय नवा: तंत्रज्ञानातून उद्योग कसा उभा करायचा. घरोघरी पडून राहणारी एक वस्तू शोधायची आणि तिच्यातून धंदा काढायचा. सोबत तिचे दोन विद्यार्थी, ललित आणि रूपाली. उपाय शेवटी, आधी माणसाचं ऐकून घ्यायचं, याला डिझाइन थिंकिंग म्हणतात. मी म्हटलं, अगदी योग्य घरी आलात.
कपाट उघडलं. एकशे बारा पीस. रूपालीने विचारलं, मावशी, यातले शिवणार किती? मी म्हटलं, हे शिवायचे नसतात गं, द्यायचे असतात. रूपालीने तेही लिहून घेतलं. मग वही दाखवली. ललित म्हणाला, मावशी, हा तर डेटाबेस आहे! लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्या घरात माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.
माझं बोलणं पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवलं. रंग निघाला तर चैताली बघून घेईल.
वस्तू फेकायची नाही, फिरती ठेवायची, हीच सर्क्युलर इकॉनॉमी, असं चैतालीने समजावलं. म्हटलं, आम्ही फिरवतोच बाई. फक्त काही जणी शिस्तीत फिरवतात, काही जणी नाही.
थोडक्यात, कॉलेजची पायरी न चढता मी कॉलेजला शिकवायला लागले.

४ जानेवारी
मुलांची योजना अशी. पीसवर क्यूआर कोडचं लेबल. जिला मिळेल तिने मोबाइलवर स्कॅन करायचं. पीस किती घरं फिरतो आणि कुठे पडून राहतो ते कळेल. पडून राहणाऱ्यांच्या पुढे पिशव्या, गोधड्या शिवून विकायच्या.
गोधड्यांचं ठीक आहे. मला त्यात दुसरंच दिसलं. देवी मार्ग दाखवते तो असा.
स्कॅन केल्यावर मुलं फक्त घर नंबर विचारणार होती. मी म्हटलं, आणखी एक प्रश्न घाला: कोणाकडून मिळाला? रूपाली म्हणाली, नावं कशाला मावशी, लोकांना आवडणार नाही. म्हटलं, ज्याच्या मनात खोट नाही त्याला आवडेल. ललितने प्रश्न घातला. आमचं ऐकायचं असा त्यांचा नियमच आहे.
दीपमालाने पीस पुढे सरकवला की घेणारी नाव लिहिणार. मग कॉलेजच्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार. मी एक शब्दही बोलायची गरज नाही.

११ जानेवारी
सोसायटीच्या ग्रुपवर चैतालीचा मेसेज. संक्रांत ते रथसप्तमी स्कॅन करा, लकी ड्रॉमध्ये कुकर मिळवा. होकार पहिला कोणाचा? दीपमालाचा. हाव.
वीस लेबलं माझ्या वीस पीसना स्वतः टाचली. दीपमालासाठी जांभळा काढला, इरकली काठाचा. देताना जीव तुटणार आहे. पण असा पीस ती स्वतःला ठेवणार नाही, इंदिरानगरच्या नणंदेला देऊन मोठेपणा मिरवेल. मग सापडलीच.

१५ जानेवारी
माझं हळदीकुंकू. वीसही पीस गेले. दीपमालाने जांभळा हातात घेतला, उलटसुलट बघितला, म्हणाली, अगं बाई, मालनताई, केवढा सुंदर! नाटकी. तिथेच स्कॅनही केला. ह्याला म्हणतात स्वतःच्या पायाने चालत येणं.

१९ जानेवारी
रोज दोन-तीन घरी जाणं, दोन-तीन जणी येणं. ओट्या भरून हात दुखले. वही मागे पडलीय, रथसप्तमीनंतर एकदम चढवेन. सध्या हाताला लागेल तो पीस देते. काहींवर लेबल दिसतं. मी काही स्कॅन करत नाही. परीक्षा घेणाऱ्याने पेपर लिहायचा नसतो.
चैतालीला फोन केला, जांभळा कुठपर्यंत गेला? म्हणाली, मावशी, निकाल मधेच फोडायचा नसतो. मास्तरीण झालीय.

२२ जानेवारी, गणेश जयंती
नवश्या गणपतीला जाऊन नारळ बोलले. मागणं एकच: पडद्यावर नाव ठळक यावं. बाप्पाला भलतं वाटू नये म्हणून स्पष्ट सांगितलं, हे सूडबुद्धीने नाही.
हे म्हणाले, त्याला आज गर्दी किती, त्यात तुझा ब्लाउज पीस.

२९ जानेवारी
परवा कॉलेजात प्रदर्शन. चैताली म्हणाली, मावशी, तूही दोन शब्द बोल. भाषण लिहिलं, दीड पान. विषय प्रामाणिकपणा. बोलताना दीपमालाकडे बघायचं नाही, पण सगळ्यांना कळलं पाहिजे. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मलाच भरून आलं.

३१ जानेवारी, संध्याकाळी ६
कॉलेजचा हॉल भरलेला. आमच्या सोसायटीच्या अठरा जणी. दीपमाला पहिल्या रांगेत, अंगावर शाल. थंडी नव्हती एवढी.
पडद्यावर नकाशा. ठिपका म्हणजे घर, बाण म्हणजे पीस. एका ठिपक्यात इतके बाण शिरत होते, निघत होते, की सुमनबाईंनी मोठ्याने विचारलं, हे काय, सीबीएसचा एसटी स्टँड आहे का? रूपालीने बोट ठेवलं. नाव आलं. ठळक.
मालनताई.
वीसपैकी चौदा पीस फिरून माझ्याकडे आले होते आणि मी पुन्हा पुढे पाठवले होते. कोणाकडून मिळाला, ह्या माझ्याच प्रश्नापुढे घेणाऱ्यांनी माझं नाव लिहिलं होतं. मुक्काम सरासरी दीड दिवस. तीन तर जिने दिले तिलाच परत. त्यातल्या एक सुमनबाई. म्हणाल्या, तरीच म्हटलं ओळखीचा वाटतोय. हॉल हसला. ललित बिचारा सांगत होता, मावशींमुळे अर्थव्यवस्था फिरती राहिली. त्यावर आणखी हसले.
दीपमालाच्या ठिपक्यात बाण आत जात होता. बाहेर एकही नाही. रूपाली म्हणाली, हा पीस इथे थांबला, कारण तो वापरला गेला. दीपमालाने उठून शाल काढली. जांभळा ब्लाउज. स्वतः शिवलेला. टाळ्या थांबेनात.
मग मला बोलावलं. कागद पर्समध्येच ठेवला. मुलं हुशार आहेत म्हटलं आणि बसले.
येताना गाडीत दीपमाला शेजारी. म्हणाली, मालनताई, तो मोरपंखी मी मार्गशीर्षात परत दिला, पोचला ना नीट? त्यावर नंबर होता. भांड्यांवर नाव घालतो तसं वाटलं मला, म्हटलं यांना मोजून परत हवा असणार. आधीच द्यायचा होता, राहूनच गेला.
गुडघा दुखतोय म्हटलं.

२ फेब्रुवारी
मुलांचा पहिला नंबर आला. धंदा खरंच सुरू करणार. शिवणकाम दीपमाला बघणार, तिच्याकडे मशीन आहे, हात आहे. माझंही नाव अहवालात आहे म्हणे, युजर म्हणून. ह्यांना विचारलं, युजर म्हणजे काय? म्हणाले, जिच्यावर प्रयोग करतात ती.
रागाने ताट वाढलं नाही. मग वाढलं. भाकरी वाया गेली असती.

५ फेब्रुवारी, गुरुवार
उद्या शुक्रवारची सवाष्ण. दर वेळच्या सुमनबाई मुलीकडे गेल्या. उरली दीपमालाच.
ठरवलं, असा भारी पीस द्यायचा की तिने मान खाली घातली पाहिजे. कपाट उघडलं. सगळे कोणाकोणाचे आलेले. मी घेतलेला एकही नाही. पिशवी घेऊन मेन रोडला गेले.
दुकानदार म्हणाला, ताई, देण्याघेण्यातला दाखवू की शिवायचा?
शिवायचा, म्हटलं.
ऐंशी सेंटिमीटर पुरेल की मीटर? त्यांचं माप काय?
अडतीस वर्षं ओट्या भरतेय. एकाही बाईचं माप मला माहीत नाही.
तशीच परत आले. तिसरा मजला चढले. बेल वाजवली, माप विचारलं. दीपमाला हसली, नको इतकी. हात धरून आत बसवलं, चहा केला.
साखर कमी होती.