खळ लावलेली चार पानं

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे.

चौथीत तुम्ही मला दिलेल्या पुस्तकावर सिनेमा आलाय. त्या शेळी राखणाऱ्या मुलीच्या. लेकीला घेऊन अमरावतीत पाहायला गेले आणि दहा मिनिटांत डोकं फिरलं. शेळी बोलते. मेळघाटातल्या पोरीचा फ्रॉक कडक इस्त्रीचा. सगळं गाव शुद्ध बोलतं, शेजारीण तेवढी वऱ्हाडी, तीही लोकांना हसवायला. तेवढं मी दात-ओठ खात सहन केलं. मग त्यांनी मुलीची आई मारली. रडता रडता मी मोठ्याने म्हणाले, "रडवायला दुसरं काही सुचत नाही का यांना?" लेक माझा हात दाबत म्हणाली, "आई, पुस्तकातच आहे हे. मी शाळेत वाचलंय."

घरी येऊन तुमची प्रत काढली. त्रेसष्टनंतर थेट अडुसष्ट, मध्ये ते एक जाड पान. "फाटलं होतं म्हून चिकटवलं. ओढू नको, सारं पुस्तक जाईन," असं तुम्ही बजावलं होतं, आणि तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पुढे मुलीची आई कुठेच येत नाही, तर ती माहेरी गेली असं मी धरून चालले होते. पन्नाशी उलटली तरी. माहेरी, बाई.

लेकीने नवी प्रत आणली. ती चार पानं मी ओट्याशी उभ्यानेच वाचली. आई गेल्याचं त्या मुलीला कोणी सांगत नाही. ती दिसली की मोठी माणसं विषय बदलतात. शेवटी ती शेजारणीच्या दारावर लाथा घालते. शेजारीण तिला आत घेते, जवळ बसवते आणि खरं सांगते.

माझी आई गेली तेव्हा मला सांगितलं होतं, ती अकोल्याच्या दवाखान्यात आहे. शाळा सुटली की मी अकोटच्या स्टँडवर जाऊन अकोल्याहून येणारी एकेक एसटी बघत बसायची. तुम्ही यायचात, हात धरून घरी सोडायचात. एकदा मी विचारलं, "माय कव्हा येईन, बाई?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "येईन ना बेटा. दवा सुरू हाये अजून." त्याच आठवड्यात पुस्तक दिलंत. म्हणजे माझ्या वयाच्या पोरीला काय सांगायचं ते तुमच्या हातात छापून तयार होतं, आणि तुम्ही घरी जाऊन मैद्याची खळ शिजवलीत.

सगळं अकोट तुम्हाला मायाळू म्हणायचं. मीही म्हणायची. आता चीड येते त्या शब्दाची. मला तुमची माया नको होती, लाथा घालायला एक दार हवं होतं. मला कोणी रडू दिलं नाही. मीच एक दिवस वाट बघणं सोडलं, आणि आपण आईला विसरलो म्हणून स्वतःलाच दोष देत राहिले.

हा राग जायचा नाही. पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं कबूल करते. घरात आईचा फोटो कोणी ठेवला नाही, आणि तिचा चेहरा मला आता आठवत नाही. सिनेमात आई मेली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होतात.